कां-कूं म्हणजे 'रिलक्टंट' : मराठीच्या बळावर इंग्रजी शब्दसंपत्ती कशी वाढवावी

मध्य रेल्वेवर गाडी रखडली की फलाटावर तीन भाषांत घोषणा होते. मराठीत गैरसोयीबद्दल दिलगिरी, हिंदीत असुविधेबद्दल खेद, आणि शेवटी इंग्रजीत 'इनकन्व्हीनिअन्स इज डीपली रिग्रेटेड'. भांडुप ते सीएसएमटी हा माझा रोजचा प्रवास, त्यामुळे हे वाक्य हजारो वेळा कानावरून गेलं होतं. एका पावसाळी सकाळी घाटकोपरला अर्धा तास उभी असताना ते पहिल्यांदा नीट ऐकलं. मी लिहिलं असतं तर 'रिग्रेट'पुढे 'व्हेरी मच' लिहिलं असतं. 'डीपली' मला माहीत होता, 'रिग्रेट'ही माहीत होता, पण हे दोघे एकमेकांचा हात धरून येतात हे माहीत नव्हतं. पुढच्या काही वर्षांत मी जे इंग्रजी शिकले त्याची सुरुवात त्या फलाटावर झाली.

लालबागच्या मराठी माध्यमाच्या शाळेतून शिकून फोर्टमधल्या एका ऑफिसात दिवसभर इंग्रजी मेल लिहिण्यापर्यंत मी आले. हा लेख माझ्यासारख्यांसाठी आहे. तुम्हाला इंग्रजी वाचता येतं, कामापुरतं लिहिता येतं, मीटिंगमध्ये काय चाललंय ते कळतं. पण स्वतः बोलायची वेळ आली की 'गुड', 'बॅड', 'प्रॉब्लेम', 'इश्यू', 'थिंग' एवढ्यावरच गाडी अडते. मराठीत जे दहा छटांनी सांगता येतं ते इंग्रजीत एकाच सपाट शब्दात कोंबावं लागतं. त्या कोंबण्याचा त्रास होत असेल, तर पुढच्या पायऱ्या तुमच्या कामाच्या आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. वरच्या पातळीची शब्दसंपत्ती म्हणजे लांबलचक, जडजंबाल शब्द नव्हेत. नेमका शब्द नेमक्या जागी येणं, एवढाच तिचा अर्थ.

पायरी पहिली : आपण कुठे उभे आहोत ते मोजा

भाषा शिकवणारे लोक शब्द मोजताना 'शब्दकुटुंब' हे एकक धरतात. 'डिसाइड', 'डिसिजन', 'डिसायसिव्ह', 'अनडिसायडेड' हे सगळं एक कुटुंब. मायकल वेस्ट यांनी 1953 साली सर्वाधिक वापरातल्या सुमारे 2000 शब्दांची यादी प्रसिद्ध केली. शाळेतलं इंग्रजी नीट झालं असेल तर त्यातले बहुतेक तुमच्याकडे आहेत. 2000 साली ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी अभ्यासाच्या आणि विद्यापीठीय लिखाणात सतत भेटणाऱ्या 570 शब्दकुटुंबांची वेगळी यादी केली. मराठी माध्यमातून आलेल्यांची खरी अडचण बहुधा इथे असते, कारण हे शब्द गप्पांत येत नाहीत, पण अहवालात, करारात, परीक्षेत पावलोपावली येतात. आणि पॉल नेशन यांनी 2006 मध्ये मांडलेल्या हिशेबाप्रमाणे, इंग्रजी वर्तमानपत्र किंवा कादंबरी कुणाच्या मदतीशिवाय वाचायची तर साधारण 8000 ते 9000 शब्दकुटुंबं लागतात.

आकड्याने दचकू नका. या हिशेबामागे एक साधी अट आहे : शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असतील तर उरलेल्या दोघांचा अर्थ संदर्भावरून लागतो. ही अट तुम्ही घरी वापरू शकता. इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख घ्या, शंभर शब्द मोजा, अडलेल्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारा. दोन-तीन रेघा आल्या तर ते वाचन तुमच्यासाठी योग्य. दहाच्या वर गेल्या तर थोडं सोपं काहीतरी घ्या, आणि त्यात कमीपणा मानू नका. दर चौथ्या ओळीला कोश उघडावा लागला तर वाचनाचा आनंद जातो, आणि आनंद गेला की आठवड्याभरात सवयही जाते.

पायरी दुसरी : अडलेल्या शब्दांची वही

बहुतेक जण शब्द शिकायला यादीपासून सुरुवात करतात. मीही केली होती. स्पर्धा परीक्षांच्या एका क्लासमध्ये आम्हाला पाचशे शब्द 'शब्द बरोबर अर्थ' अशा दोन रकान्यांत पाठ करायला दिले होते. ते मी सगळे पाठ केले. सहा महिन्यांनी त्यातला एकही माझ्या तोंडून सहज निघत नव्हता, कारण त्यातल्या एकाचीही मला कधी गरज पडलेली नव्हती.

म्हणून उलट्या बाजूने सुरुवात करा. दिवसभरात इंग्रजीत बोलताना-लिहिताना जिथे मराठी शब्द ओठांवर आला आणि इंग्रजी सापडला नाही, तो मराठी शब्द तिथल्या तिथे टिपून ठेवा. मोबाइलमध्ये टिपा, तिकिटाच्या पाठीवर टिपा, कुठेही. आठवड्याभरात पंधरा-वीस जमतील. ही तुमची स्वतःची यादी. ती दुकानात मिळत नाही.

माझ्या पहिल्या आठवड्याच्या यादीत तीन शब्द लागोपाठ होते : चालढकल, टाळाटाळ, वेळ मारून नेणं. ऑफिसात या तिन्हींसाठी मी एकच शब्द वापरत असे, 'डिले'. पण मराठीत हे तीन वेगळे गुन्हे आहेत. चालढकल करणारा आळसाने आजचं काम उद्यावर ढकलतो, तो 'प्रोक्रॅस्टिनेट' करतो. टाळाटाळ करणाऱ्याला उत्तर द्यायचंच नसतं, तो 'इव्हेड' करतो, आणि त्याची उत्तरं 'इव्हेसिव्ह' असतात. वेळ मारून नेणारा समोरच्याला बोलण्यात गुंतवून संकट पुढे सरकवतो, तो 'स्टॉल' करतो. फरक मला मराठीत आधीच कळत होता, त्यामुळे हे तीन इंग्रजी शब्द एका संध्याकाळी कायमचे बसले. हेवा आणि मत्सर यांतला फरक जाणणाऱ्याला 'एन्व्ही' आणि 'जेलसी' समजावायला वेळ लागत नाही. कुरबुर म्हणजे 'ग्रंबल'. हेळसांड म्हणजे 'निग्लेक्ट'. सारवासारव म्हणजे 'ग्लॉस ओव्हर'. 'भिडस्त'ला मात्र मला अजून एका शब्दात प्रतिशब्द सापडलेला नाही. तिथे इंग्रजीत अख्खं वाक्य लिहावं, आणि तसं लिहिण्यात काही चूक नाही.

या कामासाठी एक जुना सोबती आहे. जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली मुंबईत निघाला, त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती 1857 ची. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर तो फुकट शोधता येतो. मराठी शब्द टाका, त्याच्या छटा इंग्रजीत उलगडलेल्या सापडतात. फक्त त्यातलं इंग्रजी दीडशे वर्षांहून जुनं आहे हे विसरू नका. तिथे मिळालेला शब्द आजच्या कोशात पडताळल्याशिवाय मेलमध्ये घालू नका.

पायरी तिसरी : एका शब्दाला एक कार्ड

वहीतला शब्द सापडला की तो कार्डावर उतरवा. जुन्या व्हिजिटिंग कार्डांच्या कोऱ्या पाठी यासाठी उत्तम. मी 'रिलक्टंट'चं कार्ड कसं केलं ते सांगते.

एका बाजूला फक्त तो शब्द, आणि कोशातला उच्चार ऐकून जिथे जोर पडतो त्या भागाखाली रेघ. दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ. कोशात 'अनिच्छुक' दिला होता, पण तो शब्द मी आयुष्यात कधी बोललेले नाही. थोडा विचार केल्यावर खरा शब्द सापडला : कां-कूं करणारा. मग स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य : 'द लँडलॉर्ड वॉज रिलक्टंट टू रिटर्न अवर डिपॉझिट.' आमच्या आधीच्या घरमालकाने डिपॉझिट परत करताना खरोखरच तीन महिने कां-कूं केली होती, त्यामुळे हे वाक्य विसरणं शक्यच नाही. त्याखाली या शब्दाचे शेजारी : 'रिलक्टंट टू' आणि पुढे क्रियापद, 'रिलक्टंटली अग्रीड'. आणि शेवटी जवळचे पण वेगळे शब्द : 'हेझिटंट' म्हणजे मन चाचरतंय, काय करावं कळत नाही. 'अनविलिंग' म्हणजे सरळ तयारीच नाही. 'रिलक्टंट' माणूस शेवटी ते काम करतो, पण जिवावर आल्यासारखं.

एवढं लिहायला दहा मिनिटं जातात. जाऊ द्या. असे चार शब्द दिवसाला, आठवड्याचे पाच दिवस. आठवड्याला वीस, वर्षाला हजार. यापेक्षा जास्त घेऊ नका, दिवसाला पंचवीस शब्द घेणारे तिसऱ्या आठवड्यात थांबलेले मी पाहिले आहेत.

शब्द निवडताना स्वतःला दोनच प्रश्न विचारा. हा शब्द मला या महिन्यात दोनदा तरी भेटला का? मी तो उद्या कुठे वापरू शकते का? दोन्हींचं उत्तर नाही आलं तर कितीही देखणा असला तरी सोडून द्या. त्याची वेळ येईल तेव्हा तो परत भेटेल.

कोश कुठला? इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेले ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन यांचे कोश ऑनलाइन फुकट आहेत. त्यांत अर्थ सोप्या इंग्रजीत दिलेला असतो, उदाहरणं असतात आणि उच्चार ऐकता येतो. ऑक्सफर्डने तर महत्त्वाच्या शब्दांना ए-वन (अगदी सोपे) ते सी-वन (बरेच वरचे) अशी पातळी लावून ठेवली आहे. 'बी-टू' आणि 'सी-वन' शिक्का असलेले शब्द आपल्या टप्प्यातले.

पायरी चौथी : शब्दाची संगत

डीपली रिग्रेटेडची गोष्ट इथे परत येते. मराठीत पाऊस मुसळधार असतो, वारा सोसाट्याचा, चहा कडक, थंडी कडाक्याची आणि ऊन रणरणतं. 'सोसाट्याचा पाऊस' म्हटलं तर अर्थ कळेल, पण ऐकणाऱ्याच्या कानाला खडा लागेल. इंग्रजीतही तसंच. पाऊस 'हेवी', वारा 'स्ट्राँग', चहाही 'स्ट्राँग', आणि ट्रॅफिक पुन्हा 'हेवी'. इथे कुठलाही नियम नाही, पिढ्यान्‌पिढ्यांची संगत आहे. म्हणून शब्द एकटा पाठ करू नका, जोडीने करा.

मराठी माणूस सर्वांत जास्त चुकतो तो क्रियापदांत, कारण आपलं 'करणे', 'देणे', 'घेणे' तिकडे नेमकं लागू पडत नाही. आपण लक्ष देतो, इंग्रजीत लक्ष 'पे' करतात. आपण चूक करतो, तिथे चूक 'मेक' करतात, गुन्हा मात्र 'कमिट' करतात. आपण निष्कर्ष काढतो आणि तिथेही तो 'ड्रॉ' करतात, म्हणजे ओढून काढतातच. हरकत आपण घेतो, ते 'रेझ' करतात, उचलतात. मुदत आपण पाळतो, ते तिला 'मीट' करतात, भेटतात. अशा जोड्या दिसल्या की कार्डावर तशाच्या तशा उतरवा.

पायरी पाचवी : लघु आणि गुरू

हा भाग मला सर्वांत प्रिय आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते.

2 फेब्रुवारी 1786 रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स यांनी भाषण करताना संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच उगमातून निघाल्या असाव्यात असं मांडलं. पुढच्या अभ्यासकांनी ते पक्कं केलं. याचा आपल्याला रोकडा फायदा आहे. इंग्रजीतले बरेचसे भारदस्त शब्द लॅटिनमधून आलेले आहेत, आणि लॅटिनचे कित्येक धातू आपल्या घरात संस्कृतच्या वाटेने आधीच राहायला आलेले आहेत.

शाळेत वृत्तं शिकताना आपण लघु-गुरू मोजले. गुरू म्हणजे जड. लॅटिनमधला त्याचा भाऊ 'ग्राव्हिस', त्यावरून 'ग्रॅव्हिटी'. म्हणजे 'गुरुत्वाकर्षण' आणि 'ग्रॅव्हिटी' यांत एकच मूळ बसलेलं आहे. त्याच मुळातून 'अ‍ॅग्रव्हेट', म्हणजे आधीच असलेलं संकट आणखी जड करणं : 'द रेन अ‍ॅग्रव्हेटेड द ट्रॅफिक प्रॉब्लेम.' आता लघु घ्या. लॅटिनमधला त्याचा भाऊ 'लेव्हिस', त्यावरून 'अलेव्हिएट', म्हणजे वेदना, भार, त्रास हलका करणं. आपला 'हलका' हाही 'लघु'चाच वंशज आहे. गोळीने दुखणं 'अलेव्हिएट' होतं, चुकीच्या मसाजने 'अ‍ॅग्रव्हेट' होतं. लघु-गुरू लक्षात असलेल्या माणसाला ही जोडी पाठ करावी लागत नाही.

आणखी काही नाती सांगते. अग्नी आणि 'इग्नाइट'. सर्प आणि 'सर्पंट'. दान आणि 'डोनेट'. मृत आणि 'मॉर्टल'. विधवा आणि 'विडो'. नौका आणि 'नेव्हल'. तनु म्हणजे बारीक, आणि 'टेन्युअस' म्हणजे बारीक, तुटेल असा धागा. दोन घटनांचा ओढूनताणून जोडलेला संबंध 'टेन्युअस' असतो. स्वादु म्हणजे गोड, आणि 'परस्वेड'च्या तळाशी तोच गोडवा आहे. गोड बोलून गळी उतरवणं, असंच नाही का? मृदूच्या नात्यातला 'मॉलिफाय' म्हणजे रागावलेल्याला मऊ करणं.

मात्र मोबाइलवर फिरणाऱ्या शब्दांच्या वंशावळींवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. 'दिवस' आणि 'डे' सख्खे भाऊ वाटतात, पण 'डे' वेगळ्या मुळाचा आहे. 'दिवस'चं खरं नातं 'डायरी'शी. शंका आली की व्युत्पत्ती देणाऱ्या कोशात तपासा. आणि उसनवारी एकतर्फी नव्हती हेही मनात असू द्या : इंग्रजीतला 'मंगूस' आपल्या मुंगसावरून गेलेला आहे.

पायरी सहावी : शब्दाचा दर्जा आणि शब्दाचा वास

1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर कित्येक पिढ्या दरबारात फ्रेंच चालली आणि विद्वानांची लॅटिन होतीच. म्हणून इंग्रजीत एकाच गोष्टीसाठी दोन-दोन, तीन-तीन थर सापडतात. 'आस्क' घरातला, 'क्वेश्चन' जाब विचारणारा, 'इंटरॉगेट' पोलिस चौकीतला. आपल्याला हे नवीन नाही. मराठीत देशी थर आहे, संस्कृतचा आहे, फारसी-अरबीचा आहे. फारसीचा भार इतका होता की शिवाजी महाराजांनी कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला. पाऊस पडतो, पण हवामान खातं पर्जन्यमान मोजतं. अगदी तसंच 'रेन' पडतो आणि 'प्रेसिपिटेशन' मोजलं जातं.

मैत्रिणीला कुणी 'मी आता भोजनास प्रारंभ करते' असं लिहीत नाही. तिला लिहिताना 'कमेन्स', 'परचेस', 'टर्मिनेट' वापरणं म्हणजे तेच. आणि उलट, निविदेत किंवा करारात 'स्टार्ट', 'बाय', 'एंड' पोरकट दिसतात. कार्डाच्या कोपऱ्यात एक खूण करा : घ म्हणजे घरगुती, क म्हणजे कचेरीतला. ही खूण पुढे फार वाचवते.

वास ही त्याहून सूक्ष्म गोष्ट. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका अमेरिकन ग्राहकाला आमच्या नव्या सवलत योजनेची माहिती पाठवली आणि 'न्यू स्कीम' असं लिहिलं. योजना म्हणजे स्कीम, सरकारी जाहिरातींपासून चिटफंडापर्यंत आपण तेच वाचत आलो. उत्तर आलं ते थंड होतं, आणि त्यात दोन-तीन सावध प्रश्न होते. माझ्या वरिष्ठ मॅडमनी मेल वाचून मला जवळ बसवलं आणि समजावलं. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे 'स्कीम' निर्मळ आहे, पण अमेरिकेतल्या कानाला त्याला कारस्थानाचा वास येतो. तिथे 'प्लॅन' किंवा 'प्रोग्रॅम' लिहावं. अर्थ बरोबर, वास चुकीचा. मराठीत 'तुझे प्रताप कळले' म्हटल्यावर प्रताप शब्दाचं जे होतं, तसं काहीसं.

तेव्हापासून नवा शब्द वापरण्याआधी मी त्याची तीन-चार खरी वाक्यं वाचते. कोण कुणाला म्हणतंय, कौतुकात की संशयात, ते बघते. 'थ्रिफ्टी' आणि 'स्टिंजी' दोघेही पैसे जपून वापरतात, पण एक काटकसरी आहे आणि दुसरा चिक्कू.

आपल्याकडे रुळलेल्या इंग्रजीबद्दलही दोन शब्द. 'प्रीपोन', 'आऊट ऑफ स्टेशन', उत्तर देण्यासाठी 'रिव्हर्ट', शंकेसाठी 'डाउट', पदवीधर झालो म्हणून 'पास आऊट' : मुंबईत हे सगळ्यांना कळतं आणि इथे ते चुकीचं मानायचं कारण नाही. पण लंडनच्या माणसाला 'पास आऊट' म्हणजे शुद्ध हरपणं वाटेल. वाचणारा कुठला आहे ते बघून शब्द निवडा.

पायरी सातवी : दोन स्तंभांचं वाचन

बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केलं तेव्हा त्यात एका स्तंभात मराठी आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी मजकूर असे. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी या शहरात कुणीतरी आपल्यासाठी ही सोय करून ठेवली होती. तीच आपण आजही करू शकतो. एकच बातमी, त्याच दिवशी, आधी मराठी वर्तमानपत्रात आणि मग इंग्रजी वर्तमानपत्रात वाचा.

जुलैमधली कुठलीही सकाळ घ्या. सखल भागात पाणी तुंबलं : 'लो-लाइंग एरियाज', 'वॉटरलॉगिंग'. झाड उन्मळून पडलं : 'अपरूटेड'. दरड कोसळली : 'लँडस्लाइड'. वाहतूक विस्कळीत : 'डिसरप्टेड'. खबरदारीचा उपाय म्हणून शाळा बंद : 'अ‍ॅज अ प्रिकॉशनरी मेझर'. अर्थ आधीच माहीत असल्यामुळे कोश न उघडता सात-आठ शब्द हाती लागतात, आणि सगळे जिवंत, कालच्या पावसातले.

बातम्यांवरून पुढे जायचं असेल तर तुम्हाला जवळजवळ पाठ असलेल्या एखाद्या मराठी पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद शोधा. मूळ वाक्य मनात वाजत असतं आणि डोळ्यांपुढे इंग्रजी असतं. माझ्या अनुभवात याच्याइतकी गोड शिकवणी नाही.

जागेची अडचण आपल्या घरांत असतेच. शांत बसून वाचायला दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, काळा घोड्याची डेव्हिड ससून लायब्ररी आहे, आणि टाउन हॉलच्या पांढऱ्या पायऱ्या चढून एशियाटिक सोसायटी. सभासदत्वाचे नियम आणि वेळा आधी विचारून जा. पुस्तकं विकत घ्यायची तर फ्लोरा फाउंटनच्या आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं मिळतात. उभ्या उभ्या एक पान वाचून, अडलेले शब्द मोजून मगच घ्या.

पायरी आठवी : डब्याचे पाच कप्पे

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला आणि 1885 साली तो प्रसिद्ध केला. पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने पुसलं जातं, नंतर हळूहळू, आणि मधूनमधून उजळणी केली तर टिकतं. पुढे 1970 च्या दशकात सेबास्टियन लाइटनर यांनी त्यावर पुठ्ठ्याच्या खोक्याची साधी युक्ती लोकप्रिय केली. मी ती मिठाईच्या रिकाम्या डब्यात करते.

डब्यात पाच कप्पे करा. नवं कार्ड पहिल्यात, तो रोज बघायचा. आठवलं तर कार्ड दुसऱ्यात, तो तीन दिवसांनी. मग तिसरा आठवड्याने, चौथा पंधरा दिवसांनी, पाचवा महिन्याने. कुठेही अडलं की कार्ड परत पहिल्या कप्प्यात. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, काही शब्द तीनदा परत येतात आणि मग असे बसतात की हलत नाहीत. मोबाइलवरच हवं असेल तर 2006 पासून मिळणारं 'अँकी' हे ॲप याच तत्त्वावर चालतं. माझं मत विचाराल तर पहिले सहा महिने हातानेच लिहा.

उजळणी करताना मराठी बाजू बघून इंग्रजी शब्द आठवा. उलटं सोपं जातं, पण बोलताना उपयोगी पडत नाही.

सकाळच्या गाडीत विक्रोळी ते कुर्ला एवढ्यात वीस कार्डं होतात. बसायला मिळालं नाही तर एका हातात कडी, दुसऱ्या हातात कार्डं. रविवारी मेगाब्लॉक, त्या दिवशी नवा शब्द नाही, फक्त डबा आवरायचा.

पायरी नववी : वापर

नवा शब्द आठवड्यात तीनदा वापरा. एकदा लिहून, एकदा बोलून, आणि एकदा अशा माणसाशी जो चूक असेल तर सांगेल. आमच्या लोकलच्या डब्यातली एक शेजारीण एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवते, मी तिला आठवड्याची पाच वाक्यं दाखवत असे. असा एक माणूस शोधा आणि त्याला मोकळेपणाने विचारा. मेल पाठवण्याआधी त्यातला एक 'गुड' किंवा एक 'प्रॉब्लेम' शोधून बदला, फक्त एकच. 'गुड रिस्पॉन्स'ऐवजी 'एन्करेजिंग'. 'बिग प्रॉब्लेम'ऐवजी 'सेटबॅक', खरोखर तसं असेल तर.

उच्चारासाठी देवनागरीवर फार विसंबू नका. आपला 'व' इंग्रजीतले दोन वेगळे उच्चार एकाच अक्षरात बसवतो, आणि कुठल्या भागावर जोर द्यायचा हे आपल्या लिपीत दिसत नाही. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या भागावर, 'फोटोग्राफी'मध्ये दुसऱ्यावर, आणि त्यासरशी स्वरही बदलतात. कोशातला आवाज ऐकून तीनदा मोठ्याने म्हणा.

पाचव्या कप्प्यातून पार झालेली कार्डं मी रबरबँड लावून एका पिशवीत ठेवत होते. गेल्या दिवाळीत ती माझ्या भाचीने मागितली. ती दहावीला आहे, माझ्याच शाळेत. प्रत्येक कार्डावरचं माझं वाक्य ती पेन्सिलीने खोडते आणि खाली स्वतःचं लिहिते. 'रिलक्टंट'च्या कार्डावर माझा घरमालक आता दिसत नाही. तिथे लिहिलंय, 'आजी वॉज रिलक्टंट टू गेट इन्टू द एसी लोकल.'